आतड्याची वेटोळी घालतं कोण? ऊतींचे आकार, ताण आणि कात्री

अर्धाचमचा

‘आतडं लांब, पोट लहान, म्हणून आतड्याला वेटोळी पडतात’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. का चूक आहे ते समजलं की जिवंत ऊतींच्या आकारामागचं बरंचसं भौतिकशास्त्र हाती लागतं, म्हणून हा धागा.

कोंबडीचा भ्रूण घेऊ. पाचव्या दिवशी आतड्याचा मधला भाग म्हणजे जेमतेम एक वळण घेतलेली साधी नळी असते. बाराव्या दिवशी त्याच नळीला एकसारख्या अंतराची वेटोळी पडलेली दिसतात, आणि एकाच वयाचे अनेक भ्रूण उघडले तरी मांडणी जवळपास तीच असते. जागेअभावी कोंबलेल्या दोरीचं असं होत नाही, तिचा दर वेळी वेगळा गुंता होतो. शिवाय वेटोळी पडतात त्या काळात आतड्याचा बराच भाग पोटात नसतोच, नाळेच्या देठात बाहेर आलेला असतो. माणसाच्या गर्भातही साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात हेच घडतं. म्हणजे दाबायला भिंतच नाही.

निर्णायक पुरावा कात्रीचा आहे. आतड्याला पाठीच्या बाजूने धरून ठेवणारा पातळ पडदा, म्हणजे मेसेंटरी, आतड्यासकट बाहेर काढला तर वेटोळी तशीच राहतात. पण तो पडदा नळीच्या कडेने कापून वेगळा केला की नळी सरळ होते आणि पडदा आक्रसतो. म्हणजे नळी दाबाखाली होती आणि पडदा ताणाखाली. नळी भराभर वाढते, पडदा सावकाश, आणि दोघं काठाने एकमेकांना शिवलेले आहेत. सगळा खेळ या तीन गोष्टींत आहे.

थिएरी सावाँ, नताशा कुर्पिओस, एल. महादेवन, क्लिफर्ड टॅबिन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे कोंबडी, लाव्हा पक्षी (क्वेल), झेब्रा फिंच आणि उंदीर या चौघांत मोजून दाखवलं. कल्पनेचं मूळ मात्र फार जुनं आहे. विल्हेल्म हिस यांनी १८७४ मध्येच रबरी नळ्या वाकवून भ्रूणाचे आकार समजावले होते आणि त्याबद्दल टीकाही ऐकून घेतली होती.

इथे तीन गोष्टींवर लिहावं असं वाटतं. वेटोळ्याची लांबी कशावरून ठरते? हे ताण मोजायचे कसे, आणि मोजताना कुठे फसायला होतं? आणि जिथे शेजारी शिवलेला पडदा नाही, पेशींची नुसती चादर आहे, तिथे बळ कुठून येतं?

ताणतणाव

पहिल्या प्रश्नाला पाठकोऱ्या कागदावरचं गणित पुरतं.

एका वेटोळ्याची लांबी ‘ल’, उंची ‘उ’. नळी वाकवायला लागणारी ऊर्जा ही वक्रतेचा वर्ग गुणिले लांबी या प्रमाणात असते. वक्रता उ/ल². म्हणजे नळीची ऊर्जा = नळीचा वाकताठपणा × उ²/ल³. वाकताठपणा म्हणजे नळीचा यंग मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचं माप) गुणिले छेदाचा आघूर्ण (छेदाच्या आकारामुळे वाकायला होणाऱ्या विरोधाचं माप), आणि पोकळ नळीसाठी हा आघूर्ण π/४ × (बाहेरची त्रिज्या⁴ − आतली त्रिज्या⁴).

आता पडदा. वेटोळं उंच झालं की पडदा साधारण उ/ल इतका ताणला जातो, आणि ही विकृती (ताणल्यामुळे झालेला आकारबदल) काठापासून सुमारे ‘ल’ अंतरापर्यंत आत शिरते. म्हणून क्षेत्रफळ ल². पडद्याची ऊर्जा = मॉड्युलस × जाडी × (उ/ल)² × ल² = मॉड्युलस × जाडी × उ².

नळीला लांब, सैल वेटोळी परवडतात. पडद्याला उंच वेटोळी परवडत नाहीत. दोन्ही ऊर्जा समान ठेवल्या की उ² निघून जातो:

ल³ ∝ (नळीचा वाकताठपणा) ÷ (पडद्याचा मॉड्युलस × जाडी)

घनमूळ घेतलं की झालं. पुढचा गुणक १ धरू नका, तो सावाँ यांच्या मांडणीत ३६च्या घरात येतो. तो विसरला की उत्तर मिलिमीटरांऐवजी मायक्रोमीटरांत येतं आणि सिद्धांतावरच शंका यायला लागते.

या घनमुळाचे परिणाम मजेशीर आहेत. पडदा आठपट जाड केला तर वेटोळं फक्त निम्मं होतं. उलट नळीची त्रिज्या दुप्पट केली, आतली-बाहेरची दोन्ही, तर आघूर्ण १६ पट होतो आणि वेटोळं २.५ पट. म्हणून मॉड्युलस मोजताना वीस-तीस टक्के इकडेतिकडे झालं तर चालून जातं, त्रिज्या मोजताना नाही. त्रिज्येत १० टक्के चूक झाली की लांबीत साडेतेरा टक्के चूक.

वाढीतला फरक किती आहे यावर वेटोळी पडणार की नाही आणि पडली तर किती उंच, हे ठरतं. लांबी मात्र वरच्या सूत्रातून येते. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. आतडं कुठल्या बाजूला वळतं तेही यातूनच निघायला हरकत नाही.

कुक्कुटशास्त्री

ताणतणाव, शेवटचं वाक्य मागे घ्या. दाबाखालच्या नळीला डावं-उजवं कळत नाही. पहिलं वळण कुठल्या दिशेला, हे मेसेंटरीच्या दोन बाजूंमधल्या फरकावरून ठरतं. डाव्या बाजूच्या पेशी दाट होतात, उजवीकडच्या विरळ, त्यामुळे पडदा तिरका होतो आणि नळी एका बाजूला कलते. यामागे पिट्क्स२ हे डाव्या बाजूला चालणारं जनुक आहे. वेटोळ्यांची संख्या आणि मापं ही ताठपणाची गोष्ट. वळणाची दिशा ही आधीच मांडून ठेवलेल्या डाव्या-उजव्या फरकाची.

आता प्रत्यक्ष काम.

अंडी फलित हवीत. दुकानात मिळणारी बहुतेक अंडी कोंबड्याशिवाय ठेवलेल्या लेअर कोंबड्यांची असतात, ती कितीही उबवली तरी काही होणार नाही. हॅचरीतून आणा, लगेच लावायची नसतील तर १३ ते १६ अंशांवर ठेवा, आठवड्यापेक्षा जास्त नको. उबवणी ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, अंडी दिवसातून काही वेळा फिरवायची.

वय दिवसांत लिहू नका. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१च्या टप्प्यांत लिहा. आठवा दिवस म्हणजे टप्पा ३४, बारावा म्हणजे ३८, पण थंडीत साठवलेली अंडी अर्धा दिवस सहज मागे पडतात. वेटोळ्यांच्या बाबतीत अर्धा दिवस म्हणजे बरंच काही.

आतडं मेसेंटरीसकट काढताना बारीक टोकाचे चिमटे, आणि पकडायचं ते बाजूच्या ऊतीला. आतड्याला चिमटा लागला की ती जागा मऊ पडते आणि नळी तिथेच मोडते. काढल्यावर पूर्ण बुडेल इतक्या फॉस्फेट बफरमध्ये ठेवा. ‘पूर्ण बुडेल’ यावर जोर देतोय, कारण ऊतीचा काठ पाण्याच्या पृष्ठभागाला लागला तर एक मिलिमीटर काठावर पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७० मायक्रोन्यूटन ओढतो. भ्रूणाच्या पातळ पडद्यात असणाऱ्या बळांपुढे ही धाड आहे. बशीच्या तळाला १ टक्का अगारोजचा (जेलीसारखा) थर द्या, नाहीतर पडदा काचेला चिकटतो आणि आक्रसायचा थांबतो.

दुसरी फसगत म्हणजे आतड्याचं स्वतःचं आकुंचन. गोल स्नायू तयार झाले की नळी आपोआप लाटांनी आवळू लागते, त्यासाठी मज्जातंतूंचीही वाट बघत नाही. अशा नळीचा मॉड्युलस मोजला तर लवचिकता आणि स्नायूचं बळ यांची खिचडी मिळते. कॅल्शियमविरहित बफर वापरला की लाटा थांबतात. आणि आधी पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये, म्हणजे ऊती टिकवण्याच्या रसायनात, घालून मग कापलं तर काहीच हलत नाही, कारण ऊती आहे त्या आकारात गोठलेली असते. त्यावरून ‘ताण नाही’ असा निष्कर्ष काढू नये. नवखे नेमका हाच काढतात.

वाढीतला फरक मोजायला कापण्याआधी काठावर कार्बनचे कण टाकून खुणा करा. कापल्यावर काही मिनिटं थांबा. नळीची नवी लांबी भागिले पडद्याच्या काठाची नवी लांबी, वजा १. बाहेर काढल्यापासून तासाभरात सगळं उरका.

सुईदोरा

प्रयोगशाळा नसलेल्यांसाठी रबराचा नमुना. मूळ कामातही ताणलेल्या रबरी पापुद्र्याला नळी शिवून हेच दाखवलं होतं.

नळी: बाहेरचा व्यास २ मिमी, आतला १ मिमी, लांबी ६० सेमी. माशांच्या टाकीची हवेची नळी घेऊ नका, ती फार जाड. तिला वेटोळं पडलं तरी फूटभर लांबीचं पडेल.

पडदा: व्यायामाचा सगळ्यात पातळ लेटेक्स पट्टा, १५ सेमी रुंद, ४० सेमी लांब. फळीवर दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकून तो फक्त लांबीच्या दिशेने ६० सेमीपर्यंत ताणायचा. मग नळी त्याच्या एका लांब काठाला दर ५ मिमीवर टाका घालून शिवायची. दोरा नळीभोवती गुंडाळून न्या, नळीत सुई खुपसू नका. ताणलेल्या रबरात सुई गेली की भोक फाटत जातं, म्हणून भोकं आधी, रबर सैल असताना, काठापासून ३ मिमी आत पाडून ठेवा. नळीही लेटेक्सची मिळाली तर शिवणच नको, सायकल-पंक्चरचं सोल्युशन दोन्हीकडे लावून, थोडं सुकू देऊन चिकटवा. सिलिकॉनच्या नळीला मात्र ना हे सोल्युशन धरत ना फेविक्विक.

सोडण्याआधी टेबलावर टाल्कम पावडर, नाहीतर घर्षणाने अर्धी वेटोळी अडकतात.

अंदाज असा: नळीचा आघूर्ण ०.७४ मिमी⁴, दोन्ही रबरांच्या मॉड्युलसचं गुणोत्तर २ धरलं, पट्टा ०.२ मिमी. भागाकार ७.४ मिमी³, घनमूळ १.९५ मिमी, गुणिले ३६ म्हणजे सुमारे ७ सेमी. आकडा तंतोतंत येणार नाही. गंमत तुलनेत आहे. दुसरा पट्टा वर चिकटवून जाडी दुप्पट करा, वेटोळं ०.७९ पट व्हायला हवं. तीच नळी, तेच रबर, त्यामुळे गुणक आणि मॉड्युलस दोन्ही तुलनेतून कटतात.

षट्कोन

सुईदोरा, छान. दोन सूचना. पट्टा वेटोळ्याच्या लांबीपेक्षा अरुंद कापला तर ताणतणाव यांचं ‘विकृती ल इतकी आत शिरते’ हे गृहीतकच मोडतं आणि घनमुळाचा नियम लागू होत नाही. दुसरी गोष्ट जाडीची. ४० सेमीचा पट्टा ६० सेमी ताणला की तो १/√१.५ म्हणजे ०.८२ पट पातळ होतो. सूत्रात जाडी घालताना ती कुठल्या अवस्थेतली, ते लिहून ठेवा.

फळमाशी

कोंबडीचं आतडं सुंदर उदाहरण आहे, पण त्यावरून सगळ्या ऊतींबद्दल बोलणं धोक्याचं. तिथे वाढ सावकाश, बळं जवळपास निष्क्रिय, ऊती रबरासारखी. फळमाशीच्या भ्रूणात चित्र अगदी उलटं असतं.

अंडं सुमारे अर्धा मिमी लांब. २५ अंशांवर साधारण तीन तासांत त्याच्या पृष्ठभागावर सुमारे ६००० पेशींची एकेरी चादर तयार होते. मग पोटाच्या बाजूची पेशींची पट्टी आत वळते आणि खोबण तयार होते. शेजारी ओढणारा पडदा नाही. पेशी आपलं बाहेरचं तोंड स्वतःच आवळतात, बटव्याची दोरी ओढावी तसं. दोरी म्हणजे ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं, ओढणारं प्रथिन मायोसिन, आणि कुठल्या पेशींनी ओढायचं हे ट्विस्ट आणि स्नेल ही जनुकं सांगतात. १९४७ साली डब्ल्यू. एच. लुईस यांनी पितळी पट्ट्या आणि रबरबँड जोडून हे यंत्र बनवलं होतं. एका बाजूचे रबरबँड जास्त ताणले की साखळी आपोआप वळायची.

हे आवळणं सलग होत नाही. मार्टिन, काश्युबे आणि विशाउस यांनी २००९ मध्ये दाखवलं की मायोसिन ठोक्याठोक्याने आवळतं, ठोक्यांमधलं अंतर सुमारे ८० सेकंद, आणि दोन ठोक्यांमध्ये कमावलेलं आकुंचन टिकून राहतं. विहिरीच्या रहाटाला खुंटी असावी तसं.

इथे चित्रीकरणात एक हमखास सापळा आहे. मिनिटाला एक फ्रेम घेतली तर ८० सेकंदांचा ठोका चार मिनिटांचा दिसतो (१/६० − १/८० = १/२४०). तो संथ ठोका कॅमेऱ्याचा आहे, पेशीचा नाही. दहा सेकंदांच्या आत फ्रेम घ्या.

पेशीचं आकारमान या काळात जवळपास बदलत नाही, म्हणून वरचं तोंड अरुंद झालं की पेशी आधी उंच होते आणि नंतर आखूड होऊन तळाशी रुंदावते. २०१४ मध्ये विशाउस यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं काम याहून पुढचं आहे. पेशींच्या भिंती बनू न दिलेल्या भ्रूणातही आतला द्रव तसाच वाहतो. म्हणजे खोबणीच्या पहिल्या भागात पेशी ही विटेसारखी वस्तू नसून पृष्ठभागावरच्या ओढीने वाहणारा घट्ट द्रव आहे, असं धरलं तरी गणित जमतं.

अर्धाचमचा

फळमाशी, म्हणजे आतड्याला कात्री आणि माशीला लेझर. लेझरने कापल्यावर टोकं जितक्या वेगाने दूर जातात तितका ताण, हे बरोबर ना?

फळमाशी

नाही! या विषयातली सगळ्यात जास्त छापली गेलेली अर्धवट गोष्ट हीच आहे.

कापलेल्या कडेला एक स्प्रिंग आणि समांतर एक तेलाचा दट्ट्या माना. कापल्यावर टोकांमधलं अंतर आधी भर्रकन वाढतं आणि मग एका मर्यादेला टेकतं. यातून दोनच आकडे मिळतात:

सुरुवातीचा वेग = ताण ÷ घर्षण
स्थिरावण्याचा काळ = घर्षण ÷ ताठपणा

शेवटचं अंतर म्हणजे या दोघांचा गुणाकार, ताण ÷ ताठपणा, तिसरी स्वतंत्र माहिती नव्हे. नुसता ताण कुठेच मिळत नाही. उत्परिवर्तित (जनुक बदललेल्या) भ्रूणात वेग निम्मा झाला तर ताण निम्मा झाला असेल, किंवा घर्षण दुप्पट झालं असेल. स्थिरावण्याचा काळ बदलला नसेल तर इतकंच म्हणता येतं की ताण आणि ताठपणा यांचं गुणोत्तर निम्मं झालं. एकाच भ्रूणातल्या दोन दिशांची तुलना त्यामानाने सुरक्षित, कारण घर्षण साधारण सारखं असतं.

करायची पद्धत: सफरचंदाच्या रसाच्या अगारवर तासाभराची अंडी गोळा करा, योग्य वयापर्यंत २५ अंशांवर ठेवा, निम्म्या पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचमध्ये २ मिनिटं बुडवून बाहेरचं कवच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचचा अंश उरला की भ्रूण तासाभरात मरतो आणि मरता मरता आकुंचन पावतो, ते आकुंचन खरं वाटतं. हॅलोकार्बन तेलात ठेवा, त्यातून ऑक्सिजन जातो. काचेखाली चेपू नका. दाबलेल्या भ्रूणात ट्विस्टची अभिव्यक्तीच वाढते, हे एमानुएल फार्ज यांनी २००३ मध्ये दाखवलं आहे. म्हणजे मोजायला ठेवलेलं बोटच तराजू ढळवतं.

कापायला ३५५ नॅनोमीटरचा स्पंदित यूव्ही लेझर किंवा जवळच्या इन्फ्रारेडमधला फेम्टोसेकंद लेझर. फ्रेम अर्ध्या सेकंदाला एक तरी हवी. वेग पहिल्या दोन-तीन सेकंदांतच मोजा, कारण दहा-वीस सेकंदांनी जखमेभोवती मायोसिन जमायला लागतं आणि तुम्ही ऊतीचा मूळ ताण सोडून तिची मलमपट्टी मोजत बसता. शक्ती जास्त झाली तर बुडबुडा उठतो आणि तोच टोकं ढकलतो. कमी झाली तर पेशींच्या कडा दिसाव्यात म्हणून लावलेल्या खुणेची फक्त चमक विझते, कापलं काहीच जात नाही. फरक ओळखायची खूण सोपी: टोकं हलली नाहीत आणि चमक मिनिटांत त्याच जागी परत आली तर ते नुसतं चमक विझणं (फोटोब्लीचिंग) होतं.

जोडीला रो-कायनेज (मायोसिनला चालना देणारं विकर) रोखणारं औषध टोचलेल्या भ्रूणांचा गट ठेवा. मायोसिन थंडावल्यावरही टोकं तितक्याच वेगाने उडत असतील तर गडबड लेझरची आहे.

ताणतणाव

जडत्वाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. लांबी १०० मायक्रोमीटर, वेग मिनिटाला सुमारे अर्धा मायक्रोमीटर, चिकटपणा पाण्याचा धरला तरी रेनॉल्ड्स आकडा (जडत्व भागिले चिकटपणा) १०⁻⁶च्या घरात. ऊती पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून खूपच कमी. ओढायचं थांबलं की हालचाल तिथल्या तिथे थांबते. म्हणून खुंटीवाला रहाट लागतो, घसरत पुढे जायची सोयच नाही.

(दिशेबद्दलचं विधान मागे घेतलं आहे.)

षट्कोन

रबर की द्रव, हा वाद कुठल्या वेळेच्या मापावर बघता यावर सुटतो. चिकटपणा भागिले मॉड्युलस हा काळ काढा. त्याहून झटपट ओढलं तर ऊती रबर, त्याहून सावकाश ओढलं तर द्रव. लेझरच्या सेकंदांत जी चादर स्प्रिंगसारखी वागते तीच तासाभराच्या खेचीत वाहून जाते, कारण पेशी शेजारी बदलतात. फळमाशीच्या भ्रूणाची पट्टी खोबणीनंतर अडीच पट लांब होते ती बहुतांशी अशाच अदलाबदलीतून. एका दिशेच्या कडांवर मायोसिन जास्त, त्या कडा आक्रसून नाहीशा होतात आणि काटकोनात नव्या कडा उगवतात. बर्टे, सुलाक आणि लकुई यांनी हे २००४ मध्ये मांडलं.

द्रव म्हटलं की पृष्ठताण आलाच. टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी १९५५ मध्ये उभयचरांच्या भ्रूणाच्या पेशी सुट्या करून मिसळल्या, त्या आपापल्या थरांत परत वेगळ्या झाल्या. स्टाइनबर्ग यांनी त्याला तेल-पाण्याचं गणित लावलं, आणि १९९६ मध्ये फोटी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या ऊतींचे गोळे दोन पट्ट्यांत दाबून आकडे काढले. मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये: हातापायांचा अंकुर २०, डोळ्याचा रंगद्रव्याचा थर १२.६, हृदय ८.५, यकृत ४.६, दृष्टिपटलाची ऊती १.६. पाणी ७२, तुलनेसाठी. कमी आकड्याची ऊती नेहमी बाहेरून वेढते. यकृत आणि हृदय एकत्र केले की यकृत बाहेर.

दाबून मोजताना सूत्र असं: बळ ÷ संपर्क-वर्तुळाचं क्षेत्रफळ = पृष्ठताण × (दोन्ही वक्रतांची बेरीज). गोळा दाबून आकार स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग बळ वाचायचं. थांबला नाहीत तर लवचिकतेचा भाग त्यात मिसळतो आणि आकडा फुगतो. खात्री करायला तोच गोळा आणखी दाबा. दोन्ही वेळा पृष्ठताण तोच आला तर ऊती द्रवासारखी वागते आहे. दाबाबरोबर वाढला तर तुम्ही स्प्रिंग मोजताय.

हा पृष्ठताण पेशी एकमेकींना किती चिकटतात एवढ्यावरूनच येतो, हे स्टाइनबर्ग यांचं म्हणणं मात्र आता जसंच्या तसं धरत नाहीत. पेशीच्या सालीतल्या ॲक्टिन-मायोसिनचा ताण त्यात मोठा वाटा उचलतो, हे झेब्राफिशवरच्या कामातून २००८ नंतर स्पष्ट होत गेलं.

अर्धाचमचा

आणि षट्कोनांचा तो ३.८१ आकडा? सगळीकडे दिसतो.

षट्कोन

पेशीचा परिघ भागिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ. सुसम षट्कोनाचा ३.७२, सुसम पंचकोनाचा ३.८१. बी, लोपेझ, श्वार्ट्‌झ आणि मॅनिंग यांच्या २०१५च्या प्रतिमानात ३.८१च्या खाली पेशींची चादर घट्ट अडकते, वर गेली की वाहू लागते. पेशी जितक्या वेड्यावाकड्या तितकी चादर सैल. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्यांशी याची तुलना करतात, पण गाड्या आकार बदलत नाहीत, इथे तोच तर मुख्य भाग आहे.

आकडा वापरायचा तर सावधपणे. चित्रातला परिघ पिक्सेलच्या कडा मोजून काढला तर जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखं होतं. वर्तुळासाठी तो ४/π म्हणजे २७ टक्के जास्त येतो. फरक पडतो तो ३.७२ आणि ३.८१ मधला, म्हणजे अडीच टक्क्यांचा! त्यामुळे पेशींचे कोपरे शोधून त्यांमध्ये सरळ रेषा टाका आणि बहुभुजाचा परिघ घ्या. पेशी फार लहान दिसत असतील, आडवे वीस-तीस पिक्सेलही नसतील, तर हा आकडा काढूच नका. वक्र पृष्ठभागाचं सपाट प्रक्षेपण घेतलं तर कडेच्या पेशी उगाच चेपलेल्या दिसतात. आणि संपूर्ण चादर एकाच दिशेला ओढली जात असेल तर आकडा वाढतो तो ओढीमुळे, चादर सैल झाल्यामुळे नव्हे. फळमाशीच्या पट्टीसाठी म्हणून ही दुरुस्ती करावीच लागते.

सुईदोरा

अवांतर: आपल्याकडे हे काम कुठे चालतं?

कुक्कुटशास्त्री

कोंबडीच्या भ्रूणाचं काम पुण्यात जुनं आहे. डॉ. लीला मुल्हेरकर एडिनबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि भ्रूण कवचाबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र त्यांनी पुणे विद्यापीठात रुजवलं. मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) फळमाशीच्या पाठीवरचं भगदाड बंद होण्याच्या क्रियेवर, म्हणजे डॉर्सल क्लोजरवर, बरंच काम झालं आहे.

मूळ विषयाकडे येतो. ‘भौतिकशास्त्र की जनुकं’ असा सामना लावू नये, कारण आतड्यातच दोघांची सांगड दिसते. नेरुरकर, महादेवन आणि टॅबिन यांनी २०१७ मध्ये मेसेंटरीतला बीएमपी हा (पेशींमधला प्रथिनरूपी) संदेश वाढवून-घटवून पाहिला. बीएमपी वाढवला की पडद्याची वाढ मंदावते, फरक वाढतो, वेटोळी जास्त आणि घट्ट पडतात. तो रोखला की वेटोळी कमी. जनुकाने वेटोळ्याचा नकाशा काढलेला नाही. वाढीतला एक आकडा बदलला, बाकीचं रबराने केलं.

आतड्याच्या आतल्या बाजूलाही तेच तत्त्व. आतलं अस्तर वाढू पाहतं आणि बाहेरचे स्नायू त्याला आवळतात. आठव्या दिवसापासून गोल स्नायूंचा थर बनतो तेव्हा अस्तराला लांबीच्या दिशेने घड्या पडतात. तेराव्या दिवसाच्या सुमारास बाहेरचा उभा थर येतो, मग त्याच घड्या नागमोडी होतात. सोळाव्याच्या सुमारास आतला उभा थर आला की त्या नागमोडीचे सुटे उंचवटे होतात, तेच पुढचे रसांकुर. हे शायर आणि सहकाऱ्यांचं २०१३चं काम.

अर्धाचमचा

स्नायूच आवळतात की स्नायूंतून येणारं एखादं रसायन घड्या पाडतं, हे वेगळं कसं केलं?

कुक्कुटशास्त्री

आधी औषधाने स्नायू तयार होऊ दिले नाहीत. घड्या पडल्या नाहीत. पण त्याने शंका पूर्ण मिटत नाही, औषधाचा दुसरा काही परिणाम असू शकतो. म्हणून स्नायूंविना असलेल्या आतड्याभोवती रेशमाची न ताणणारी नळी चढवली आणि तसंच वाढू दिलं. रेशमातून कुठलंच रसायन पाझरत नाही, ते फक्त बाहेर फुगू देत नाही. घड्या परत आल्या.

असं काही करून बघायचं असेल तर नळीचा आतला व्यास हाच कळीचा मुद्दा. सैल राहिली तर अस्तर मोकळं वाढतं आणि घड्या पडत नाहीत. फार घट्ट झाली तर आतड्याची पोकळीच बंद होते आणि अस्तराच्या समोरासमोरच्या बाजू एकमेकींना टेकतात. त्याच वयाच्या, स्नायू शाबूत असलेल्या आतड्याचा बाहेरचा व्यास आधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा आणि नळी त्या मापाची घ्यायची. चढवताना आतडं कोरडं पडू द्यायचं नाही, आणि मेसेंटरी आधीच सोडवून ठेवायची, नाहीतर नळी तिच्यावर अडते.